शहरातल्या जादूच्या, मागे पडलेल्या कादंबऱ्या सुचवाल का?

मंडळी, मदत हवी आहे. अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणाऱ्या जादूच्या गोष्टी, मी अधाशासारखी वाचते, पण कुणालाही विचारलं की तीच चार-पाच गाजलेली नावं पुढे येतात. ती वाचून झालीत. मला हवंय ते कुणी हातात आणून ठेवल्याशिवाय सापडणार नाही असं काहीतरी.

नेमकं काय आवडतं ते सांगते. मेगन लिंडहोम यांची 'विझर्ड ऑफ द पिजन्स' (१९८६). व्हिएतनाम युद्धातून परतलेला, सिअ‍ॅटलच्या रस्त्यांवर राहणारा एक बेघर माणूस. त्याच्याकडे जादू आहे, पण ती टिकवायची तर नियम पाळायचे. खिशात एका डॉलरहून जास्त पैसे ठेवायचे नाहीत, कबुतरांना जपायचं. बस्स, अशाच साध्या नियमांवर सगळी जादू उभी! हीच लेखिका पुढे रॉबिन हॉब या नावाने खूप गाजली, पण हे पुस्तक मात्र मागेच राहिलं. त्याची मला फार हळहळ वाटते.

एमा बुल यांची 'वॉर फॉर द ओक्स' (१९८७) पण आवडली. मिनिआपोलिसमधली रॉक गायिका परीलोकाच्या लढाईत ओढली जाते.

तर अशी, जिच्यात शहर काढून घेतलं तर गोष्टच उरणार नाही, अशी कादंबरी कुठली? शक्यतो एकाच पुस्तकात संपणारी. दहा भागांच्या मालिका नकोत, व्हॅम्पायरांच्या प्रेमकथाही नकोत. मराठीत मूळ लिहिलेलं काही असेल तर ते आधी सांगा. आणि नुसतं नाव नको, तुम्हाला त्यातलं काय भिडलं तेही दोन ओळींत लिहा.