बाळ आल्यावर तुमचं दोघांचं काय झालं? अनुभव सांगा

बारशापर्यंत सगळं झकास असतं. खरी गंमत बाळ-बाळंतीण माहेरहून परतल्यावर. वार पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही बायकी हार्मोन्स दोन-तीन दिवसांत धाडकन खाली येतात, हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. कोल्हापूरकरांनो, तुमच्या घरी काय झालं?

राजारामपुरी, मुलगा 2 वर्षांचा
तिसऱ्या दिवशी अळिवाच्या खिरीत गूळ कमी पडला म्हणून मी हमसून हमसून रडलो. (हो, आम्ही कोल्हापूरच्या बायका 'रडलो'च म्हणतो!) ते आठवड्यात निवळलं. पुढचं अवघड. अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) चढं, इस्ट्रोजेन खाली. खाली कोरडेपणा, जवळ येणंच नको वाटायचं. नवऱ्याला वाटलं मी रागावलोय. चार महिने हॉलमध्ये झोपला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून समजावलं, तर म्हणतो, "एवढंच होतं व्हय?"

मंगळवार पेठ, मुलीचा बाप
तालमीतला गडी मी. वाचनात आलं, फिलिपिन्सच्या सेबूत 600 वर तरुणांची पाहणी झाली, 2011 ला छापून आली. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घसरलं. रोज तीन तास नि जास्त पोराचं करणाऱ्यांचं, पोराचं न करणाऱ्या बापांपेक्षा कमी. वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पोरगी बायकोकडं दे की!" नाही दिली. रात्री दहा ते एक माझ्या खांद्यावरच असते. दोरीवर माझे आणि तिचे लंगोट शेजारी वाळतात. पूर्वीसारखा भडकत नाही, असं बायको म्हणते. हार्मोन की झोप उडाल्यामुळं, देवाला ठाऊक.

कळंबा
बायको सतत थकलेली, चिडलेली. मी सहा महिने 'आळशी झालीस' म्हणत होतो. थायरॉइड निघाला. बाळंतपणानंतर वर्षभरात तो बिघडू शकतो म्हणे. दोन आठवड्यांनीही रडू थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. माझ्यासारखं करू नका.

शाहूपुरी
सगळं हार्मोन्सच्या माथी मारू नका बाई! आमचं पोरगं रडलं की हा गाडी काढून रंकाळ्यावर. त्याचं कुठलं हार्मोन? एके संध्याकाळी मीच पोरगं त्याच्या हातात दिलं आणि खासबागेत भेळ खायला गेलो. परत आलो तर पोरगं छातीवर झोपलेलं, आणि हा जराही न हलता, ओठावर बोट ठेवून मलाच गप्प करतोय.