व्हॅलेन्सियात एकटीने पाएया कुठे आणि कसा खावा?

चिपळूणकरीण

मंडळी, ऑफिसच्या कामाने पुढच्या महिन्यात स्पेनला, व्हॅलेन्सियाला जातेय. काम गुरुवारी संपतं आणि विमान थेट रविवारी रात्री. मधले दिवस मी मोकळी, पण एकटी. पाएया, म्हणजे पसरट परातीत शिजवलेला तिकडचा भात, जिथला तिथेच खायचा हे पक्कं ठरवलंय. पण नेटवर ज्या-ज्या हॉटेलचा मेन्यू उघडते, तिथे भाताखाली बारीक अक्षरात एकच ओळ: किमान दोन माणसांसाठी. दर माणशी लिहितात आणि एका माणसाला देत नाहीत, हा काय प्रकार? दोघांचे पैसे भरून अख्खी परात पुढ्यात घेऊन बसायचं का? एकटीने जेवायची मला लाज नाही, नोकरीची सुरुवातीची वर्षं खानावळीतच काढलीत. अन्न टाकायचं मात्र जिवावर येतं. आणि हो, अस्सल पाएयात ससा असतो म्हणे. चिकन, मासे सगळं चालतं, ससा नको.

तुरियाकाठचा

ताई, मी इथेच राहतो. बायको-मुलं येईपर्यंत एकटा होतो, त्यामुळे ती ओळ मला पाठ आहे. ती लुबाडणूक नाही हो. पाएयात भाताचा थर पातळ लागतो, म्हणून भांडं पसरट. तांदूळ पडला की ढवळायचं नाही, अठरा-वीस मिनिटं नुसतं आचेवर लक्ष. एका माणसासाठी शेगडी आणि आचारी अडकवून ठेवणं हॉटेलवाल्याला परवडत नाही. शिवाय इथे पाएया म्हणजे रविवारची दुपार आणि घरची सगळी जमलेली. २०२१ मध्ये इथल्या प्रादेशिक सरकारने त्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, त्या घोषणेच्या नावातच ‘जोडण्याची आणि वाटून खाण्याची कला’ असं आहे. आता बोला!

तुमच्यासाठी शुक्रवारची दुपार सोन्याची. कामाच्या दिवशी साध्या हॉटेलांत ‘मेनू देल दिया’, म्हणजे ठरावीक दरातलं दुपारचं जेवण, असतं. बाहेरच्या फळ्यावर त्यात ‘आर्रोस’ (म्हणजे भात) दिसलं की बिनधास्त आत शिरा. मोठ्या परातीत केलेला भात तुम्हाला ताटलीत वाढून मिळतो. आधी सॅलड वगैरे, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी. सगळं धरून साधारण पंधरा युरो. दोनच्या सुमारास जा. साडेतीनला गेलात तर उरलासुरला गिच्च गोळा पानात पडेल.

सशाचं म्हणाल, तर ‘वालेन्सियाना’ लिहिलं असेल तिथे तो असणारच. चिकन, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, कधी गोगलगायीसुद्धा. तुम्ही ‘आर्रोस आ बांदा’ मागवा. मासळीच्या रश्शात शिजवलेला भात, सोबत आलिओली, म्हणजे लसणाचं घट्ट सॉस. कोकणातल्या माणसाला हाच जास्त लागू पडतो असं माझं ठाम मत आहे. कॅथीड्रलच्या आसपास पिवळ्याजर्द भाताचे फोटो लावलेले फलक दिसतील, तिकडे फिरकू नका.

पेठेतला आगाऊ

वरच्यांचं सगळं बरोबर, पण ताटलीत वाढलेल्या भाताला ती मजा नाही. मी दोघांचा मागवला होता. वेटरने मुकाट्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढेही चमचा मांडला, मग माझ्याकडे बघून उचलून नेला. परातीतूनच खायचं, कडेकडून मधे सरकत. तळाची करपायच्या बेतातली खरवड, ज्याला ते सोकारात म्हणतात, ती चमच्याने कुरूकुरू खरवडून काढताना शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी मला अंगठा दाखवला. (शाबासकीचा!) उरला तर बांधून मागा. २०२५ च्या कायद्याने तिथल्या हॉटेलांना उरलेलं अन्न फुकट बांधून द्यावंच लागतं, बुफे सोडून. तेव्हा जिवावर येऊ देऊ नका. फक्त रात्री मागवू नका, भात तिकडे दुपारचाच.

वरणभात

इतक्या लांब जाऊन शेवटी भातच खायचा? असो. शाकाहारी कोणी वाचत असेल तर: भाज्यांचा पाएया मिळतो, पण रस्सा कशाचा घातलाय ते विचारल्याशिवाय चमचा उचलू नका.

चिपळूणकरीण

सगळ्यांना धन्यवाद. शुक्रवार ठरला. रविवारी परातीतलं खायचा मोह होतोय, पण ऑनलाइन बुकिंगमध्ये ‘एक’ टाकलं की एकही वेळ मोकळी दिसत नाही.

तुरियाकाठचा

मग एल पालमारला जा. अल्बुफेरा सरोवराकाठचं गाव, चहूकडे भातखाचरं, शहरातून २४ नंबरची बस जाते. ऑनलाइनच्या नादी लागू नका, फोन करा. टेबल एकाचं, भात दोघांचा, असं आधीच सांगितलं की सहसा कटकट होत नाही. येण्याची वेळ लवकरची द्या, दीडची. स्पॅनिशचा प्रश्न असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोन मी लावतो. पण गुरुवारपर्यंत कळवा, रविवारची टेबलं भराभर जातात.