बसून करायची आसनं : गुडघे वर राहतात, कंबर मागे पडते. वर्गात काय बदल करावेत?

पहाटवर्ग :

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी ६ चा वर्ग आहे. १८ जण, वय ४५ ते ७०. खाली फरशी, त्यावर सतरंजी आणि प्रत्येकाची मॅट. उभ्यानं करायची आसनं बऱ्यापैकी जमतात. गाडं अडतं ते बसल्यावर.

सुखासनात निम्म्या लोकांचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात आणि पाच मिनिटांत पाठीला पोक येतो. वज्रासनात काहींचे चवडे दुखतात, काहींच्या पायांना मुंग्या येतात. पश्चिमोत्तानासनात पायाची बोटं धरायची चढाओढ लागते आणि पाठीची कमान होते. तिघांना पद्मासन शिकायचं आहे. साहित्याला फार पैसे नाहीत. घरोघरी असलेल्या चादरी, पंचे, पाट, खुर्च्या एवढ्यावर काय काय करता येईल? 'हळूहळू जमेल' याच्या पुढचं सांगा.

---

सतरंजी :

सुखासनाच्या आधी सगळ्यांना दंडासनात बसवा, पाय सरळ पुढे, आणि तुम्ही प्रत्येकाकडे बाजूनं बघा. नजर पाठीवर नको, ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकवर ठेवा. ती रेघ साधारण आडवी असेल तर ठीक. मागच्या बाजूला खाली उतरलेली दिसली तर कटिभाग मागे कलला आहे, आणि वरची पाठ कितीही ताणली तरी ती माणसं दोन मिनिटांत पुन्हा पोक काढणार. 'ताठ बसा, ताठ बसा' असं सांगून तिथं काहीच होत नाही, बैठक उंच करावी लागते.

कारण दोन्ही आसनांत वेगळं असतं, ते आधी ओळखा. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जाऊन चिकटतात. दंडासनात गुडघा सरळ असल्यानं ते ताणले जातात आणि बैठकीचं हाड पुढे ओढतात, म्हणून कंबर मागे पडते. सुखासनात गुडघा दुमडलेला असतो, तिथं हे स्नायू सैल असतात. तिथं अडतो तो खुबा. मांडी बाहेरच्या बाजूला पुरेशी वळत नाही, म्हणून गुडघा वर राहतो. त्यामुळे दंडासनात उत्तम बसणारा माणूस सुखासनात अडतो, आणि उलटही होतं. बैठकीखाली एकाच उंचीची चादरीची घडी दोन्हीकडे चालेलच असं नाही.

उंची किती? गुडघे कमरेच्या पुढच्या दोन हाडांच्या पातळीला किंवा त्याखाली येईपर्यंत. सुरुवात ५ सेंटिमीटरनं करा, बहुतेकांना १० लागतात, काहींना १५. सोलापुरी चादरीच्या घट्ट घड्या यासाठी उत्तम. उशी नको, ती दबते आणि एका बाजूला जास्त दबते. पाट चालतो, पण वर चादरीची एक घडी हवीच, नाहीतर हाड टोचतं आणि माणूस पुन्हा मागे सरकतो.

घडीवर कसं बसायचं यात बहुतेक वर्ग चुकतात. अख्ख्या मांड्या घडीवर ठेवायच्या नाहीत. फक्त बैठकीची हाडं घडीच्या पुढच्या काठाजवळ, मांड्या काठावरून खाली उतरलेल्या. बसल्यावर एकेका हातानं नितंबाचा मांसल भाग मागे आणि बाहेर सारायचा, म्हणजे हाड थेट टेकतं. एवढ्यानंच कित्येकांची कंबर दोन बोटं वर उठलेली दिसेल.

मग पायांची अढी. टाचा जांघेपाशी ओढून घेऊ नका. नडग्या मध्यावर एकमेकींना छेदतात आणि प्रत्येक पाऊल समोरच्या गुडघ्याच्या खाली येतं. वरून पाहिलं तर मांड्या आणि नडग्या यांच्यामध्ये त्रिकोणी पोकळी दिसायला हवी. अर्ध्या वेळानंतर अढी बदलायची. प्रत्येकाची एक सवयीची अढी असते, दुसरी विचित्र वाटते. ती नक्की करून घ्या.

गुडघे अधांतरी राहत असतील तर दोन्हींखाली सारख्या उंचीच्या सुरळ्या द्या. लटकलेला गुडघा सावरायला जांघेचे स्नायू आवळलेलेच राहतात. खाली टेकू मिळाला की ते सोडतात.

---

खुबा_आधी :

वर जे लिहिलंय ते शंभर टक्के. मी वज्रासनाबद्दल लिहिते, कारण 'दुखतंय' या एका शब्दाखाली तिथं चार वेगळ्या तक्रारी असतात आणि चारींचा उपाय वेगळा आहे.

पावलाची वरची बाजू किंवा घोटा दुखतो : घोटा पुरेसा सरळ होत नाही. टॉवेलची सुरळी घोट्याच्या पुढच्या वळणाखाली ठेवा, बोटं सुरळीच्या पलीकडे खाली उतरू द्या. सुरळी बोटांखाली ठेवली तर उपयोग शून्य.

गुडघ्याच्या पुढे ताण येतो, किंवा नितंब टाचांपर्यंत पोचत नाहीत : टाचा आणि नितंब यांच्यामध्ये चादरीची घडी. हवी तितकी जाड, १५ सेंटिमीटर लागली तरी लाजायचं कारण नाही.

गुडघ्याच्या मागे, आत काहीतरी चिमटल्यासारखं होतं : इथं उंची वाढवून पुरत नाही. सुती पंच्याची घट्ट सुरळी करून पोटरी आणि मांडीच्या मध्ये, अगदी गुडघ्याच्या खळग्यापर्यंत सरकवायची आणि मग बसायचं. सांध्याला मागे जागा मिळते. पंचाच का? टर्किश टॉवेल फुगीर असतो, खळग्यात नीट बसत नाही.

मुंग्या : हे मात्र गंभीरपणे घ्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या थोडं खाली एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून पायाकडे जाणारी नस अगदी कातडीखाली असते. बराच वेळ दाबली गेली तर पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची ताकद जाऊ शकते. सुरुवातीला १ ते २ मिनिटं, बस. मुंग्या आल्या की सहन करायचं नाही. हात पुढे टेकून वजन काढायचं, दंडासनात यायचं, घोटे फिरवायचे. उठल्यावर पाऊल वर उचलता येत नसेल आणि ते काही मिनिटांत ओसरत नसेल, तर वर्ग नको, डॉक्टर. पायाच्या शिरा फुगलेल्या असणाऱ्यांनीही जास्त वेळ बसू नये.

वीरासन, म्हणजे पावलं बाजूला आणि नितंब मध्ये, हे शिकवत असाल तर नितंबांखाली लाकडी वीट किंवा घडी दिल्याशिवाय कुणाला खाली बसवू नका. पावलांची बोटं सरळ मागे हवीत. ती बाहेर वळली की गुडघ्याचा आतला बंध मुरगळतो. बसण्याआधी पोटरीचं मांस हातानं मागे आणि बाहेर वळवून घेतलं की गुडघ्यात बरीच मोकळीक मिळते.

जाता जाता, नावांच्या गोंधळाबद्दल. वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेले लोक तुमच्या वर्गात असणारच, आणि 'हे वीरासन नव्हेच' असं कुणीतरी म्हणणारच. हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथातलं वीरासन म्हणजे एक पाऊल दुसऱ्या मांडीवर. त्याच ग्रंथात सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात असंही सांगितलंय. आज आपण ज्याला वज्रासन म्हणतो त्याच्या जवळचं वर्णन घेरंडसंहितेत सापडतं. तेव्हा नावावरून वाद घालण्यापेक्षा पाय कुठे ठेवायचा ते सांगावं.

---

पहाटवर्ग :

दोघांचेही आभार. इलॅस्टिकच्या रेघेची खूण उद्याच बघतो. पुढे वाकण्याच्या आसनांबद्दलही कुणी लिहा. वर्गात एका काकूंना हाडांचा ठिसूळपणा आहे आणि एका काकांचा खुबा बदललेला आहे.

---

पाटावरून :

त्या दोघांचं आधी, कारण ते थांबू शकत नाही.

ठिसूळ हाडं असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं बंद. पश्चिमोत्तानासन नाही, जानुशीर्षासनात (एक पाय दुमडून दुसऱ्या सरळ पायावर वाकणं) खाली जाणं नाही, जोर लावून पिळणंही नाही. गोल पाठीत मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि ठिसूळ मणका तिथंच चेपतो. काकूंना उंच घडीवर दंडासन द्या, पट्टा पावलांना, हात सरळ, छाती वर. एवढंच त्यांचं पूर्ण आसन. खुबा बदललेल्या काकांना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी काय मना केलंय ते विचारून यायला सांगा. मांडी घालणं, पाय पायावर टाकणं, खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडणं यावर अनेकदा बंधन असतं. तोवर खुर्ची, तीही इतकी उंच की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील.

आता बाकीच्यांचं पश्चिमोत्तानासन. बोटं धरण्याची चढाओढ थांबवायचा एकच मार्ग आहे. बोटं धरायचीच नाहीत असं जाहीर करा आणि सगळ्यांना पट्टा द्या. ओढणी, जुना साडीचा काठ, काहीही चालेल, फक्त ताणणारं कापड नको. ५ ते १० सेंटिमीटरच्या घडीवर बसा, पट्टा तळव्यांना, श्वास घेत छातीचं हाड वर, श्वास सोडत कमरेच्या सांध्यातून पुढे. बेंबी मांडीकडे आधी जाते, कपाळ सगळ्यांत शेवटी. कपाळ आधी गेलं की कमान झालीच. कमरेचे मणके मागे फुगलेले दिसले तर तिथंच थांबवा आणि गुडघ्यांखाली सुरळी द्या. गुडघे थोडे दुमडल्यावर मांडीमागची ओढ सुटते आणि कंबर पुढे यायला मोकळी होते. ताण मांडीच्या मध्यावर जाणवला तर चालेल. बैठकीच्या हाडापाशी, अगदी मुळाशी टोचल्यासारखं दुखलं तर लगेच मागे या. तो स्नायूबंध दुखावला की बरा व्हायला महिने लागतात.

बद्धकोणासनात गुडघे हातानं खाली दाबायचे नाहीत, आणि दुसऱ्यानं तर मुळीच दाबायचे नाहीत. घडीवर बसा, पाठ भिंतीला, तळवे जोडून पुस्तकासारखे वर उघडा. त्या हालचालीनं मांडी आपोआप बाहेर वळते. टाचा जांघेपासून वीतभर पुढे ठेवल्या तरी आसन तेच राहतं आणि गुडघ्याला सोपं जातं.

पिळाच्या आसनांत थोडक्यात एकच नियम. आधी श्वास घेत उंच व्हा, मग श्वास सोडत वळा. अर्धमत्स्येंद्रासनात कोपर गुडघ्याला अडकवून तरफेसारखा जोर देणारे लोक कंबर पिळत नाहीत, नुसता खांदा पिळतात. त्यांना गुडघा हातानं मिठी मारून धरायला सांगा. ज्यांना खाली बसणंच जड जातं त्यांच्यासाठी खुर्चीवर आडवं बसून भारद्वाजासन. उजवी कूस खुर्चीच्या पाठीकडे, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरायची, गुडघ्यांमध्ये वीट म्हणजे ते पुढेमागे सरकत नाहीत. मग बाजू बदलायची. या प्रकारची साधनं वापरायची पद्धत पुण्यात नवी नाही. मॉडेल कॉलनीत १९७५ साली सुरू झालेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेनं पट्टा, वीट, लोड, खुर्ची यांचं शास्त्रच बसवलं.

गोमुखासनात (गुडघ्यावर गुडघा, हात पाठीमागे एकमेकांत) हात मागे पोचत नसतील तर पट्टा. खालच्या पायाचा गुडघा दुखत असेल तर पाय सुखासनात ठेवून फक्त हात करा.

---

खुबा_आधी :

पद्मासन राहिलं. तिघांना नाही म्हणू नका, पण क्रम पाळा.

गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. दुमडल्यावर त्याला थोडंसं वळण मिळतं, तेवढंच. पद्मासनातलं सगळं वळण खुब्यातून यायला हवं. खुब्यानं दिलं नाही तर नडगी मुरगळते आणि आतल्या बाजूची गादी चिमटते. म्हणून आधी चाचणी. पाठीवर झोपून डावा पाय दुमडून उभा, उजवा घोटा डाव्या मांडीवर. उजवी नडगी छातीला समांतर येत नसेल आणि गुडघा छातीकडेच राहत असेल, तर बसून पद्मासन आत्ता नाही. हीच स्थिती रोज दोन्ही बाजूंना दीड-दोन मिनिटं, काही महिने.

चाचणी जमली की अर्धपद्मासन. आधी गुडघा पूर्ण दुमडा, टाच नितंबाकडे. मग दुमडलेलाच ठेवून मांडी खुब्यातून बाहेर वळवा. मग पाऊल उचलून जांघेत ठेवा. उचलताना एक हात घोट्याखाली, दुसरा नडगीखाली. बोटं धरून ओढलं की घोटा वाकडा होतो आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. फोटोत पावलाचा तळवा घडी पडल्यासारखा दिसतो, तीच ही चूक. घोट्याची बाहेरची बाजू सरळ, लांब हवी. वर राहिलेल्या गुडघ्याखाली टेकू. गुडघ्याच्या आत काहीही जाणवलं, अगदी थोडंसं, तरी त्या दिवशी तिथंच थांबायचं. नितंबाच्या बाहेरच्या बाजूला ताण आला तर ठीक आहे.

आणि सतरंजी यांच्या एका वाक्याला माझी हरकत आहे. गुडघ्यांखाली दोन्हीकडे सारख्या उंचीच्या सुरळ्या नकोत. दोन गुडघ्यांखालची पोकळी क्वचितच सारखी असते. सारखी सुरळी दिली तर एक गुडघा उचलला जातो आणि कटिभाग तिरका होतो. ज्या बाजूला जेवढी पोकळी तेवढीच भरायची.

---

सतरंजी :

मान्य, माझं चुकलं. त्यात एक भर : फरक तीन-चार बोटांपेक्षा जास्त दिसला तर आधी दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखं वजन आहे का ते बघा. बऱ्याचदा माणूस एका बाजूला रेललेला असतो. तेवढं सरळ केलं की निम्मा फरक जातो. आणि अढी बदलली की सुरळ्यांचीही अदलाबदल करायला सांगा, लोक हमखास विसरतात.

---

पहाटवर्ग :

प्रत्येकानं दोन चादरी, एक पंचा आणि एक ओढणी आणावी असा निरोप टाकलाय. काकांसाठी लोखंडी घडीची खुर्ची हॉलमध्येच आहे, ती उंचीला पुरेल ना?

---

पाटावरून :

काकांना बसवून बघा. गुडघा खुब्याच्या वर येत असेल तर बैठकीवर चादरीची घट्ट घडी टाका. आणि खुर्ची फरशीवर नको, मॅटवर ठेवा, पाठ भिंतीला टेकवून. सतरंजीवर ती सरकते.