मदत हवी आहे: संगणक कंपन्या नवे मॉडेल केव्हा आणायचे हे कशावरून ठरवतात?

नौपाडाकर:
ठाण्यात नौपाड्यात आमचे तीन माणसांचे डीटीपीचे कार्यालय आहे. आमचे दोन्ही लॅपटॉप 2016 सालचे, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचे आहेत. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे यंत्रे बदलणे भागच आहे. अडचण अशी की स्टेशनजवळचा एक दुकानदार म्हणतो, दोन महिने थांबा, नवा माल येतो आहे. दुसरा म्हणतो, आजच घ्या, भाव वाढणार आहेत. दोघांचाही सल्ला त्यांच्या गोदामातील साठ्याकडे पाहून दिलेला असावा, अशी मला शंका आहे. मागच्या खेपेस मी घाई केली आणि तीनच आठवड्यांत त्याच किमतीत पुढचे मॉडेल आले.

थोडे वाचन केले, त्यावरून एवढे समजले की लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या इंटेल किंवा एएमडीच्या नव्या प्रोसेसरची वाट पाहतात आणि तो हाती आला की मॉडेल बदलतात. इंटेलचा 2007 पासून 'टिक-टॉक' नावाचा क्रम होता, म्हणजे एकदा ट्रान्झिस्टर (प्रोसेसरमधले सूक्ष्म स्विच) बारीक करायचे आणि पुढच्या वेळी आतली रचना बदलायची. परंतु बारीक करण्याच्या 14 आणि 10 नॅनोमीटर या टप्प्यांवर उत्पादन रखडले आणि 2016 मध्ये कंपनीने तो क्रम सोडला. तरीही दुकानांत नव्या पिढ्या येतच राहिल्या, त्या कशाच्या जोरावर? ॲपल तर प्रोसेसर स्वतःच आखते, पण 24 इंची आयमॅक 2021 च्या एम1 या ॲपलच्याच प्रोसेसरवरून एम2 गाळून 2023 मध्ये थेट एम3 वर गेला, आणि 2013 च्या मॅक प्रो या ॲपलच्या व्यावसायिकांसाठीच्या मोठ्या संगणकाला उत्तराधिकारी मिळायला 2019 उजाडले.

दुकानात उभे राहून, समोरचे मॉडेल खरोखर नवे आहे की केवळ नाव नवे आहे, हे कसे ओळखावे? आणि थांबण्यात अर्थ केव्हा असतो?

ऐरोलीकर:
महाप्यातील एका कार्यालयाची संगणक खरेदी मी पाहतो, त्या अनुभवावरून लिहितो. मॅक प्रोला उशीर का झाला, याचे उत्तर ॲपलनेच 2017 मध्ये दिले होते: उष्णता बाहेर टाकण्याची त्याची रचना दोन मध्यम ग्राफिक्स चिपांसाठी आखलेली होती, तर पुढे गरज निघाली एकाच मोठ्या चिपची. वेळापत्रक असे एका जुन्या निर्णयातही अडकून पडते.

एरवी निम्मा निर्णय चिपचा आणि निम्मा वितरकांकडे पडून असलेल्या मालाचा असतो. ऑस्बोर्न या उचलून नेता येणारे संगणक बनवणाऱ्या कंपनीने 1983 मध्ये पुढच्या संगणकाची वाच्यता आधीच केली, ग्राहक थांबले आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले, असे सांगतात. त्या बुडण्याला इतरही कारणे होती. म्हणून जुना साठा संपत येईपर्यंत कंपन्या सहसा तोंड उघडत नाहीत. दुकानदाराला तारीख माहीत असेलच, असे धरून चालू नये.

नावापुरत्या नव्या पिढ्यांचे उदाहरण म्हणजे एएमडीची 2023 ची लॅपटॉप मालिका. तिच्या चार आकडी क्रमांकात पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आतल्या रचनेचा असतो. 7730यू मधला तिसरा आकडा 3, म्हणजे 2020 साली आलेली झेन 3 रचना. 7840यू मध्ये तो 4 आहे. नाव दोघांचेही सात हजारांतलेच. ही पद्धत एएमडीच्याही सगळ्या मालिकांना लागू होत नाही, इंटेलला तर लावूच नका.

थांबण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. आतली रचना बदलणार असेल तरच थांबावे. 2025 च्या अखेरीपासून रॅम महागली असल्याने, नवे आले की जुने स्वस्त होईल या भरवशावर राहू नये. पानांच्या मांडणीला 16 जीबी रॅम आणि चांगला पडदा यांचा उपयोग प्रोसेसरच्या पिढीपेक्षा जास्त होईल.

नौपाडाकर:
आभारी आहे. 'अगदी नवा' म्हणून मला दाखवलेला लॅपटॉप 7530यू चा निघाला. उद्या त्याच दुकानात जाऊन तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवतो आणि भाव पुन्हा विचारतो.