साताऱ्यातनं म्युऑन मोजायचेत, कासला फरक दिसेल का?

अजिंक्यतारा_पायथा
नमस्कार मंडळी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला म्युऑन घेतलेत, म्हणजे अवकाशातल्या किरणांमुळं वर हवेत तयार होऊन खाली येणारे बारके कण. ५ बाय ५ सेंटीमीटरची प्लास्टिक सिंटिलेटरची (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकची) वडी, तिला ती चमक टिपणारा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर आणि मोजणी करणारा आर्डुइनो बोर्ड, अशा दोन पेट्या तयार आहेत. सातारा साधारण ७०० मीटर, कास १२०० च्या आसपास, तर दोन्हीकडं तासतासभर मोजलं तर फरक कळेल का? हे कण तयारच होतात १५ किलोमीटर वर, मग ५०० मीटरनं काय होणार असं घरचे विचारतात आणि मला धड सांगता येत नाही. पेट्या स्लॅबखाली ठेवल्या तर चालतंय का?

वाईकर_मास्तर
फरक आहे, पण तासाभरात नाही दिसायचा. समुद्रसपाटीला आडव्या चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो, म्हणजे तुझ्या वडीवर २५. पण दोन्ही पेट्या एकावर एक ठेवून दोन्हीत एकदम सिग्नल आला तरच मोज, नाहीतर जमिनीतून येणारे गॅमा किरणसुद्धा त्यातच धरले जातील, आणि कासला पायाखाली जांभा, साताऱ्यात काळा कातळ, दोन्हींचे गॅमा सारखे नसतात. असं मोजलं की तिरपे येणारे सुटतात, मिनिटाला १० धर. तासाला ६००, आणि अशा मोजणीत वर्गमूळाएवढा चढउतार आपोआप होतोच, इथं साडेचोवीस, म्हणजे ४ टक्के तर तिथंच गेले आणि सातारा-कास फरकच मुळात १० टक्क्यांच्या आतबाहेर. रात्रभर १० तास ठेव, ६००० झाले की १.३ टक्क्यावर येतंय.

घाटाखालची
मी तर म्हणते कास सोडच, महाबळेश्वर आणि महाड कर. वर १३५० मीटर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूरवरनं महाडला गेलास की जवळजवळ समुद्रसपाटी. आणि घरच्यांना हे सांग: म्युऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, आणि १३५० मीटर उतरायला प्रकाशाच्या वेगानंही ४.५ मायक्रोसेकंद लागतात. त्यांचं घड्याळ आपल्यासारखंच चालत असतं तर वरच्या १०० मधले खाली १३ च पोचले असते. पण वेगामुळं त्यांचं घड्याळ हळू चालतं, म्हणून तुला ८० च्या आसपास मिळतील. आइन्स्टाइनची सापेक्षता आपल्या घाटात मोजता येते, मला हे अजूनही भारी वाटतं! १९६३ साली फ्रिश आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर साधारण १९०० मीटरला तासाला ५६३ मोजले, खाली ४१२. फक्त त्यांनी डिटेक्टरवर लोखंड रचून ठराविक वेगाचेच म्युऑन निवडले होते आणि खाली आल्यावर लोखंड कमी केलं, कारण मधल्या हवेनं तेवढी ऊर्जा आधीच खाल्लेली असते. तुझ्याकडं लोखंड नाही, म्हणून त्यावरनं आयुष्य काढायला जाऊ नकोस, १३ चा अंदाज कोसळतो एवढं दाखव, ते पुष्कळ झालं. आपल्याकडं बिभा चौधरी आणि देवेंद्र मोहन बोस या शास्त्रज्ञांनी १९४० च्या सुमारास दार्जिलिंग, संदकफूला फोटोच्या प्लेटा ठेवून असलंच काम केलंय, रिपोर्टात त्यांचं नाव घे.

मिरजेचा_इलेक्ट्रॉनिक्सवाला
ताईंचं बरोबर, पण तापमान सांभाळ. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर तापला की त्याचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) उतरतो, बारके सिग्नल थ्रेशोल्डखाली, म्हणजे मोजायच्या किमान मर्यादेखाली जातात आणि मोजणी कमी येते. महाबळेश्वरला थंडी, महाडला उकाडा, म्हणजे काहीच न करता वर जास्त आणि खाली कमी येणार आणि तुला वाटणार उंचीमुळं झालं! पेट्या थर्माकोलच्या खोक्यात ठेव, आत तापमानाचा सेन्सर टाक, गरज पडली तर व्होल्टेज थोडं वाढवून गेन जुळव. बीएमपी २८० हा सेन्सर लाव, त्यात हवेचा दाब पण मिळतो, ग्राफ उंचीऐवजी दाबावर काढ कारण म्युऑनला आडवी येते ती डोक्यावरची हवा. स्लॅब नकोच, म्युऑनसोबत वरनं येणारे इलेक्ट्रॉन त्यात अडकतात, म्युऑन फारसे नाही, मग दोन ठिकाणची तुलनाच बिघडते. सगळीकडं पत्र्याखाली ठेव. आणि सगळं झाल्यावर साताऱ्यात परत एक रात्र मोज, पहिल्या आकड्याशी जुळलं तरच मधलं खरं.

अजिंक्यतारा_पायथा
सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की निघतो. महाडला रात्रभर पत्र्याखाली पेटी ठेवायला जागा आणि लाईट मिळेल का कुठं?

घाटाखालची
माझं माहेर तिथलंच, मागच्या पडवीला पत्रा आहे आणि प्लग पण आहे. मेसेज कर.