तिळाचे लाडू दगडासारखे होतात, काय चुकतं?

प्रश्न: 2 वाट्या तीळ, 1 वाटी दाण्याचं कूट, दीड वाटी चिक्कीचा गूळ. लाडू फुटत नाहीत. संक्रांतीला मऊ हवेत.

उत्तर 1: पाक पुढे गेलाय. गूळ मंद आचेवर 1 चमचा तुपात विरघळवा. फेस आला की थेंब गार पाण्यात टाका: मऊ गोळी वळली की लगेच गॅस बंद. थेंब कडक होऊन टणकन वाजला तर ती चिक्की! तीळ आधीच भाजून तयार हवेत, नाहीतर तेवढ्यात पाक पुढे जातो.

उत्तर 2: मऊच हवेत तर साधा गूळ घ्या, पाकाची भानगडच नको. कोमट तीळ-कूट-गूळ मिक्सरला थांबत थांबत फिरवा, तेल सुटलं की वळा.

उत्तर 3: पाकाचं मिश्रण वळताना आळलं तर कढई गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा.