आरए आटोक्यात आलाय. भाकरी, सूर्यनमस्कार आणि सिंहगड पुन्हा सुरू करताना काय बदलावं?

मृण्मयी_पुणे
ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए, सांधे सुजवणारा संधिवात) आहे. त्यावर मेथोट्रेक्सेटची गोळी, 15 मिग्रॅ आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड. सूज बरीच उतरली, सकाळचा ताठरपणा वीसेक मिनिटांवर आलाय. हालचाल वाढवा असं सगळे सांगतात. कशी आणि किती, ते कळत नाही. मनगटं आणि बोटांची मुळं अजून नाजूक आहेत. रोजचा स्वयंपाक, सूर्यनमस्कार आणि सिंहगड, तिन्ही हवंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ओटी_सायली
मृण्मयीताई, स्वयंपाकघरापासून सुरुवात करा, हातांवर सगळ्यात जास्त भार तिथेच पडतो. हात वापरणं थांबवायचं नाही. भार बोटांवरून तळहातावर आणि तिथून कोपर-खांद्यावर न्यायचा.

सगळ्यात त्रासदायक वस्तू म्हणजे सांडशी. दोन लिटर दुधाचं पातेलं तिनं उचललं की सगळी ताकद मुठीत लागते आणि वजन मनगटाला करंगळीकडे ओढतं. या आजारात बोटं तशीही करंगळीकडे झुकू पाहतात. दोन कानांचं पातेलं घ्या आणि जाड फडक्यानं दोन्ही हातांनी उचला. त्याहून बरं म्हणजे पातेलं जागेवर ठेवून डावानं काढून घेणं. कुकर पाच लिटरऐवजी तीनचा.

कणीक पाणी घालून नुसती एकत्र करा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तोवर पीठ पाणी पितं, मग दोन मिनिटं मळलं तरी पुरतं. लाटण्याच्या मुठी घट्ट धरू नका. बोटं सरळ ठेवून ते तळहाताखाली फिरवा. पोळपाट कोपरापेक्षा वीतभर खाली हवा, नाहीतर खांदे वर चढतात.

थापायची भाकरी मात्र सध्या नको, एकेक थाप थेट मनगटात जाते. उकड काढा: वाटीभर पाण्याला खळखळून उकळी, चिमूटभर मीठ, वाटीभर ज्वारीचं पीठ, दहा मिनिटं झाकण. कोमट झाली की मळून लाटता येते. पाणी नीट उकळलेलं नसलं तर कडा फाटतात आणि मग नकळत जोर लावला जातो.

एसीच्या पाइपवर असतो तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सुरीच्या, ब्रशच्या दांड्यावर चढवा. जाड मूठ कमी ताकदीत धरली जाते.

फिजिओ_नाशिक
सूर्यनमस्कारात मनगट पूर्ण मागे वाकलेलं असताना त्यावर अंगाचा भार येतो. तेवढ्या स्थितींपुरते भिंतीला किंवा टेबलाला कोपरापासूनचे हात टेकवा. सुजल्या गुडघ्यांनी वज्रासन नको.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन याबद्दल माझं मत कडक आहे: मानेची तपासणी झाल्याशिवाय करू नयेत. आरएमध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल होऊ शकतो आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेल्या एक्स-रेत ते दिसतं.

चालणं आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत न्यायचं, सुरुवात दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटांनी. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम, उदाहरणार्थ हात न टेकता खुर्चीतून 8 ते 10 वेळा उठणं. व्यायामानं वाढलेलं दुखणं दोन तासांत मूळपदावर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा, बंद करू नका. सांधा गरम होऊन सुजला असेल त्या दिवशी ताकदीचे व्यायाम नकोत. तो हळूहळू जमेल तेवढा हलवायचा, दिवसातून दोन-तीनदा.

सिंहगड जरूर करा, निसरडा पावसाळा सोडून. आतकरवाडीच्या वाटेनं चढा आणि उतरताना गाडीनं या, कारण उतारावर गुडघे आणि चवडे जास्त भरडले जातात. दोन काठ्या घ्या. हात पट्ट्यातून खालून वर घालायचा, म्हणजे भार पट्ट्यावर येतो आणि मूठ आवळावी लागत नाही. बूट पुढून रुंद हवेत. चवडा दुखत असेल तर आतली गादी दुखऱ्या हाडांच्या किंचित मागे बसवा; नेमकी त्यांच्याखाली बसवली तर दुखणं वाढतं.

मृण्मयी_पुणे
फार उपयोगी. मनगटाचा पट्टा दिवसभर घालायचा का? आणि आता बरं वाटतंय तर गोळी कमी करता येईल?

ओटी_सायली
पट्टा जड कामापुरताच. दिवसभर बांधून ठेवलात तर मनगट आखडतं.

औषधवाला_वसई
गोळी स्वतःहून कमी करू नका, बरं वाटतंय ते तिच्यामुळेच. मात्रा डॉक्टर उतरवतील. गोळीचा वार ठरवून पाकिटावर लिहा. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेततं. रक्ततपासणी (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यकृत, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन) डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं, न चुकता.

ताप आला किंवा जंतुसंसर्ग झाला तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. लघवीच्या संसर्गावर कोणी कोट्रायमोक्साझोल लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं तिथेच सांगा, ही जोडी घातक आहे. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्याही नकोत, अशांत लपवून घातलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे.

आणि एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर तो नेहमीचा भडका समजून थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.